तिघांचे बाक आणि चौथा प्रवासी

शालेय नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामपंचायत, नगरपालिका, विधानसभा आणि संसद यांची माहिती क्रमाने दिलेली असते. नागरिकाचे हक्क कोणते, कर्तव्ये कोणती, मतदान कोणी करावे, कर कशासाठी द्यावा, हे सारे विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत लिहितातही. परंतु नागरिकत्वाचा प्रत्यक्ष सराव माणूस कोठे करतो, हा प्रश्न त्या पुस्तकात सहसा येत नाही. मतदानाचा दिवस काही वर्षांनी एकदा उजाडतो. न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग कित्येकांना जन्मात येत नाही. उलट आगगाडीच्या डब्यात, बसमध्ये किंवा फेरीबोटीवर मनुष्य रोज चढतो. आणि तेथे ज्यांच्याशी त्याचे नाते नाही, ओळख नाही, देवघेव नाही आणि पुष्कळदा ज्यांची भाषाही वेगळी, अशा माणसांशी त्याला वागावे लागते. अनोळखी माणसांत कसे वागावे याचे शिक्षण देणारी फार मोठी शाळा म्हणजे शहरातील सार्वजनिक वाहन होय, असे आम्हांस वाटते. या लेखात त्याच शाळेचा थोडा अभ्यास करावयाचा आहे.

अभ्यासासाठी आम्ही मुंबई हे शहर निवडले आहे. गोव्यातील असे घर क्वचितच सापडेल की ज्यातील कोणी काका, मामा वा आतेभाऊ शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मुंबईस गेला नाही. सुट्टीत ही मंडळी गावी आली की बोलता बोलता गाडीच्या गोष्टी निघतात, आणि त्या गोष्टींत जितकी कुरकुर असते तितकाच अभिमानही असतो. ही कुरकुर आणि हा अभिमान एकत्र कसे नांदतात, हे पाहण्यासारखे आहे.

मुंबईच्या उपनगरी गाडीचा दुसऱ्या वर्गाचा डबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना समोरासमोर मांडलेली बाके आठवत असतील. त्यांतील लांब बाक तिघांसाठी बनविलेले असते. तरीही गर्दीच्या वेळी त्यावर चौघे बसतात. चौथ्याच्या वाट्याला बाकाची जेमतेम कड येते. त्याचा एक पाय वाटेत, तर अर्धे शरीर अधांतरी. त्याने "जरा सरका" म्हटले, किंवा तोंडाने न बोलता नुसता हात हलविला, की आधीचे तिघे अंग चोरून घेतात. तिघांनी चौथ्यास जागा द्यावी असे रेल्वेच्या कोणत्याही फलकावर लिहिलेले नाही. एखाद्याने न सरकण्याचा निश्चय केला तर त्यास दंड नाही. परंतु असा मनुष्य विरळा. आणि भेटलाच तर आजूबाजूच्या नजरा त्याच्याकडे अशा वळतात की पुढचे स्थानक येण्यापूर्वी तो नाइलाजाने का होईना, सरकतो. या कडेच्या जागेला मुंबईकर 'चौथी सीट' म्हणतात. गाडी बांधणाऱ्याने जी जागा बांधलीच नव्हती, ती प्रवाशांनी आपापसांत निर्माण केली, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

दुसरा रिवाज याहून सूक्ष्म आहे. दोन बाकांच्या मधल्या अरुंद जागेत उभा असलेला मनुष्य बसलेल्यास विचारतो, "कोठे उतरणार?" बसलेला म्हणतो, "दादर." एवढ्या दोन शब्दांत करार झाला. दादर आले की ती जागा विचारणाऱ्याची. मग तिच्या अधिक जवळ दुसरा कोणी उभा असला तरी तो हात घालीत नाही. कागद नाही, साक्षीदार नाही, तथापि हा करार मोडल्याचे क्वचितच ऐकू येते. दूरच्या प्रवासात काही गटांमध्ये तर बसलेले लोक निम्म्या वाटेवर आपण होऊन उठतात आणि उभे राहिलेल्यांना बसावयास देतात. दाराजवळच्या माणसाचे धर्म आणखी निराळे. फलाट कोणत्या बाजूस येणार, पुढच्या स्थानकावर कोण उतरणार, कोणी कोणाच्या मागे उभे राहावे, हे सर्व गाडी चालू असतानाच ठरवून घ्यावे लागते. कारण गाडी स्थानकावर अर्धा मिनिटही थांबत नाही. नवखा मनुष्य पहिल्या आठवड्यात धक्के आणि बोलणी खातो. पुढे तोच दुसऱ्या नवख्यास शिकवू लागतो.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. याच रिवाजांतून कधी कधी अरेरावीही जन्म घेते. विरारच्या जलद गाडीत बोरिवलीस उतरणारा मनुष्य चढला तर दूरचे प्रवासी त्यास दारात अडवितात, टोमणे मारतात, क्वचित उतरूही देत नाहीत. नेहमीचे टोळके एखादे बाक आपल्या मालकीचे असल्यासारखे राखून ठेवते आणि परका प्रवासी उभाच राहतो. जेथे लिखित कायदा नाही तेथे बहुमताची मर्जी हाच कायदा होऊन बसण्याचा धोका असतो, आणि डब्यातील समाजही या धोक्यास अपवाद नाही.

आता हा समाज निर्माण कसा झाला, हे पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित पाहुणे आणि तीन इंजिने असा तो थाट होता. मुंबईत लोहमार्ग व्हावा म्हणून झटणाऱ्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई हे अग्रभागी होते, हे विद्यार्थ्यांनी इतिहासात वाचलेच असेल. गोविंद नारायण माडगांवकर यांनी 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ १८६३ साली लिहिला, तेव्हा या नव्या वाहनास दहा वर्षे होत आली होती. आपल्या मडगावचे नाव आडनावात वागविणाऱ्या या गृहस्थांनी मराठीत एका शहराचे असे सविस्तर चित्र रेखाटले, याचा आम्हां गोमंतकीयांना मनातून संतोष वाटतो.

त्या काळी अनेकांना एक शंका होती. एकमेकांच्या हातचे पाणी न पिणारे लोक एकाच बाकावर कसे बसतील? आगगाडीपूर्वीचा प्रवास ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे आणि जातीप्रमाणे होत असे. सरदाराची पालखी, व्यापाऱ्याची गाडी, गरिबाचे पाय. वाहनावरून माणसाची प्रतिष्ठा समजे आणि वाहन कोणास मिळेल हे प्रतिष्ठेवरून ठरे. आगगाडीने मात्र एकच प्रश्न विचारला : तिकीट आहे काय? ती शंका फार काळ टिकली नाही. लोकांनी तिकिटे काढली आणि ते बसले.

परंतु हा बदल डब्याच्या दारापाशी येऊन थांबला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आत्मकथनपर लेखनात १९०१ सालची एक हकीकत सांगितली आहे. ते तेव्हा साताऱ्यास राहत होते आणि त्यांचे वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराचे काम करीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीचे मुलगे अशी ही बालमंडळी वडिलांकडे जाण्यास निघाली. नवे कपडे घालून, तिकीट काढून ती आगगाडीत बसली आणि मसूर स्थानकावर उतरली. न्यावयास कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी प्रथम आपुलकीने चौकशी केली. पण मुले महार जातीची आहेत हे कळताच त्यांची मुद्रा पालटली. बाहेर बैलगाड्या होत्या, मुलांजवळ पैसे होते, तथापि एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण कबूल झाला, तो असा की मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि त्याने बाजूने पायी चालावे. पुढे त्या रात्री मुलांना प्यावयास पाणीही मिळाले नाही.

आगगाडी आणि बैलगाडी यांतील हा फरक विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. बैलगाडीचा मालक एक व्यक्ती होता; त्याच्या इच्छेवर, त्याच्या समजुतीवर आणि त्याच्या भयावर सारे अवलंबून होते. आगगाडीचे तसे नव्हते. तिचे दर छापलेले होते आणि तिचे तिकीट कोणी कोणाचे तोंड पाहून नाकारू शकत नव्हते. सार्वजनिक वाहन हे 'सार्वजनिक' का, याचे उत्तर आम्हांस मसूर स्थानकाबाहेर सापडते. मात्र रेल्वे स्वतः निर्दोष होती असेही म्हणता येत नाही. युरोपियन प्रवाशांसाठी राखीव डबे होते. अनेक स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' यांच्या घागरी वेगळ्या ठेवलेल्या असत. डब्यात शेजारी बसलेली माणसे फलाटावर तहान भागविण्यासाठी दोन दिशांना जात.

शहराच्या रस्त्यांवरील वाहनांचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर पहिली बस धावली. त्यापूर्वीच, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची आगगाडी चालू झाली होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आदल्या आठवड्यात, वीज आणि वाहतूक हा सारा कारभार नगरपालिकेकडे आला आणि 'बेस्ट' ही नागरिकांची मालमत्ता झाली. ट्रामने ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईचा निरोप घेतला. बोरीबंदर ते दादर ही तिची अखेरची फेरी पाहण्यास रस्त्याच्या दुतर्फा लोक जमले होते. एखाद्या वाहनास निरोप देण्यासाठी माणसे रात्री घराबाहेर पडतात, ते काही लोखंडाच्या प्रेमाने नव्हे, असे आमचे मत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या धाटणीची दुमजली लाल बस बंद झाली तेव्हाही लोकांनी तिला हार घातले.

या वाहनांमध्ये जी संस्कृती रुजली तिचे काही नमुने पाहू. सकाळच्या गाडीत भजनी मंडळी असतात. कोणी पिशवीतून टाळ काढतो, कोणी डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतो, आणि कल्याण वा वसईपासून निघालेला अभंग शहराच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचतो. दसऱ्याच्या सुमारास नेहमीचे प्रवासी आपला डबा झेंडूच्या माळांनी सजवितात, आंब्याचे टहाळे बांधतात, पूजा करून पेढे वाटतात. कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतो तशीच ही पूजा. स्त्रियांच्या डब्यात संक्रांतीनंतर हळदीकुंकू होते. संध्याकाळच्या गाडीत मेथीची जुडी निवडली जाते, मटार सोलले जातात. घरी पोहोचेपर्यंत रात्रीच्या भाजीची अर्धी तयारी झालेली असते. घर आणि कचेरी यांच्या मधला हा तास-दीड तास पुष्कळ स्त्रियांना दिवसातील सर्वांत मोकळा वाटतो, असे आमच्या मुंबईच्या नातेवाईक स्त्रिया सांगतात. त्या वेळेत त्या कोणाच्या सासूही नसतात आणि कोणाच्या कारकूनही नसतात. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट आणि बोरिवली यांच्या दरम्यान केवळ स्त्रियांसाठी अशी संपूर्ण गाडी सुरू झाली, तेव्हा या मोकळीकीस मोठे दालन मिळाले. अर्थात वेगळा डबा लागतो याचा दुसरा अर्थ असा की बाकीच्या डब्यांत त्यांना निर्धास्तपणे उभे राहता येत नाही. मुलांनी या वाक्यावर थोडे थांबून विचार करावा.

मालाच्या डब्याचे जग तर निराळेच. तेथे मासळीच्या पाट्या घेतलेल्या कोळिणी असतात, फुलांचे भारे असतात, आणि पांढरी टोपी घातलेले डबेवाले असतात. महादू हवाजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास घरचे जेवण कचेरीत पोहोचविण्याचा जो उद्योग आरंभिला, तो आजवर टिकला याचे बरेचसे श्रेय या गाड्यांच्या नेमस्त वेळापत्रकास आहे. गाडी नसती तर बोरिवलीतील पोळीभाजी फोर्टात गरम कशी पोहोचली असती?

भाषेच्या दृष्टीनेही हा विषय मनोरंजक आहे. शहरात नव्याने आलेल्या बिहारी, तमिळ किंवा बंगाली माणसाच्या कानी पडणारे पहिले मराठी शब्द बहुधा "पुढील स्थानक" हेच असावेत. ही घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होते, आणि रोज दोन वेळा ऐकून ऐकून ती न शिकताच पाठ होते. बसचा क्रमांक मराठी आकड्यांत लिहिलेला असतो, म्हणून ते आकडेही हळूहळू ओळखीचे होतात. कंडक्टरचे "पुढे चला" तर साऱ्या शहराच्या परिचयाचे. आमच्या गोव्याच्या बसमध्ये हाच आदेश "फुडें वचात" असा कोंकणीत ऐकू येतो. स्वर मात्र दोहोंकडे हुबेहूब एक.

एवढे सांगितल्यावर एका अडचणीच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. डब्यातील भजन सर्वांना आवडते काय? रात्रपाळी करून परतणारा कामगार डोळे मिटून बसलेला असतो. कोणी परीक्षेचे पुस्तक उघडलेले असते. कोणाचा धर्म निराळा, तर कोणाचा देवावरच विश्वास नसतो. त्यांनीही तिकीट काढलेले आहे. जागा सर्वांची असल्यामुळेच तेथे भजन म्हणता येते, आणि जागा सर्वांची असल्यामुळेच ते हळू म्हणावे लागते. हल्ली भ्रमणध्वनीवर मोठ्याने चित्रपट लावणाऱ्यांनाही हाच न्याय लागू पडतो. फरक एवढाच की भजनात चारजण एकत्र येतात आणि भ्रमणध्वनीत चारजण चार दिशांना पांगतात. आमचा कल कोणीकडे आहे हे वाचकांनी ओळखले असेलच, परंतु झोपलेल्या कामगाराचा हक्क आमच्या आवडीपेक्षा मोठा आहे, हेही आम्ही मान्य करतो.

संकटाच्या वेळी या समाजाची परीक्षा झाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या जागच्या जागी थांबल्या. लोहमार्गालगतच्या वस्त्यांतील लोकांनी अडकलेल्या प्रवाशांना पाणी, चहा, बिस्किटे आणून दिली. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २००६ च्या सायंकाळी, पश्चिम मार्गावरील गाड्यांत अकरा मिनिटांत सात बाँबस्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मृत्यू पावली. त्या वेळी रुळांकाठच्या झोपड्यांतील माणसांनी घरातील चादरींची झोळी करून जखमींना रुग्णालयात पोहोचविले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मार्गावर गाड्या धावत होत्या आणि त्यांत माणसे होती. या गोष्टीची वर्तमानपत्रांनी फार स्तुती केली. ती स्तुती खरी होती. तथापि दुसऱ्या दिवशी कामावर न गेल्यास ज्यांची चूल पेटत नाही, असे पुष्कळजण त्या गाडीत होते, हे स्तुती करणाऱ्यांनी क्वचितच लिहिले.

येथूनच आमच्या विषयाचा अवघड भाग सुरू होतो. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात असे रेल्वेचे जाणकार सांगतात. एक मीटर लांब व एक मीटर रुंद असा चौकोन वर्गात खडूने आखावा आणि त्यात चौदा विद्यार्थी उभे करून पाहावेत, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. इतक्या दाटीत सौजन्य पाळणारी माणसे आदरास पात्र आहेत, यात संशय नाही. पण त्यांच्या सौजन्यावर विसंबून कारभार चालविणे हे प्रशासनास शोभत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर, पाऊस आला म्हणून लोक थांबले आणि मागून आणखी गाड्यांचे लोक येत गेले. जिना अरुंद होता. त्या चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली. त्या पुलावर कोणी असभ्य होते म्हणून हे घडले नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी कचेऱ्यांच्या उंच इमारती आल्या, माणसे कित्येक पटींनी वाढली आणि जिना मात्र तेवढाच राहिला. नंतर सैन्याच्या जवानांनी तेथे नवा पूल बांधला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. काही महिन्यांत जो पूल उभा राहतो, तो आधी का राहिला नाही, हा प्रश्न विचारणे हेदेखील नागरिकत्वच आहे. चौथ्यास जागा देणे हे प्रवाशाचे काम; बाके आणि गाड्या वाढविणे हे शासनाचे.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे या गाड्या सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या. १५ जूनपासून फक्त अत्यावश्यक सेवेतील लोकांना प्रवेश मिळाला. सामान्य प्रवाशांस ठरावीक वेळांत चढू दिले गेले ते १ फेब्रुवारी २०२१ पासून. परिचारिका, सफाई कामगार, रुग्णालयातील स्वयंपाकी अशी जी माणसे एरव्ही गर्दीत कोणाच्या नजरेत भरत नव्हती, तीच त्या दिवसांत गाडीत बसलेली होती. शहर कोणाच्या श्रमावर उभे आहे, याचा जणू पटच त्या रिकाम्या डब्यांतून मांडला गेला.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. आमच्याकडे मुंबईसारखी दाटी नाही आणि तशी उपनगरी गाडीही नाही. परंतु मांडवीवर फेरीबोट आहे. नदी परिवहन खात्याची ही बोट पायी चालणाऱ्याकडून पैसे घेत नाही. पणजी-बेती, रायबंदर-चोडण, जुने गोवे-दिवाडी अशा या फेऱ्यांवर मोठ्या मोटारीचा मालक, दुचाकीवरचा तरुण, मासळीची पाटी घेतलेली बाई आणि शाळकरी मूल ही सर्वजण एकाच फळीवर उभी असतात, आणि बोट सुटण्याची वाट सर्वांना सारखीच पाहावी लागते. १९७० साली खुला झालेला मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. त्यानंतर नवा पूल होईपर्यंतची वर्षे आमच्या आधीच्या पिढीने फेरीबोटींच्या रांगांत काढली. तेव्हाच्या गोष्टी सांगताना वडीलधारी माणसे त्रास तर सांगतातच. पण बार्देशातला अमुक आणि तिसवाडीतला तमुक यांची मैत्री त्या रांगेत झाली, कोणाचे लग्नही त्या रांगेत जुळले, असेही हसत हसत सांगतात.

१९८० साली कदंब वाहतूक महामंडळ स्थापन झाले. पणजी-मडगाव शटलच्या खिडकीपुढे जी सरळ रांग लागते तिचा आम्हांस नेहमी कौतुकमिश्रित विस्मय वाटतो. कारण तीच माणसे गावच्या जत्रेत रांग म्हणजे काय ते जाणत नाहीत. तथापि आज आमच्या गावोगावच्या बसथांब्यांवर माणसे कमी दिसतात. घरोघरी दुचाकी आली, काही घरांत दोन-दोन मोटारी आल्या. ज्यास परवडते तो बस सोडतो. प्रवासी घटले म्हणून बसचा मालक एखादी फेरी बंद करतो. फेरी बंद झाली म्हणून आणखी काहीजण दुचाकी घेतात. या फेऱ्यात शेवटी थांब्यावर कोण उरते? दुचाकी चालविता न येणारी आजी, परप्रांतातून आलेला मजूर, घरकाम करणारी बाई, आणि जिला घरचे लोक एकटीने दुचाकीवर पाठवीत नाहीत ती विद्यार्थिनी. आमच्या वर्गातील एका मुलीने संध्याकाळच्या जादा तासास बसणे सोडून दिले. अभ्यासात ती मागे नव्हती. तिच्या वाड्याकडे जाणारी संध्याकाळची बस बंद झाली होती, इतकेच.

आणखी एक विचार आम्ही भीत भीत मांडतो. शासनाच्या योजनेतून अनुदानित शाळांना 'बालरथ' मिळाले आणि दूरच्या वाड्यांवरील मुले सुखरूप शाळेत येऊ लागली. ही सोय मोलाचीच आहे आणि ती काढून घ्यावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु बालरथात सर्वजण एकाच शाळेचे, एकाच गणवेशातले, जवळपास एकाच वयाचे. तेथे म्हातारा मनुष्य चढत नाही, म्हणून कोणास उठावे लागत नाही. मासळीची पाटी येत नाही, म्हणून कोणी नाक मुरडीत नाही आणि कोणी ती उचलून आत घेण्यास हातही लावीत नाही. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद होत नाही. दहावीपर्यंत बालरथ, पुढे दुचाकी, आणि नोकरी लागल्यावर मोटार, असा ज्याचा क्रम लागला तो मुलगा अनोळखी माणसाच्या खांद्यास खांदा लावून उभे राहण्यास केव्हा शिकणार, असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो. ही शिकवण वर्गात देता येत नाही. आम्ही प्रयत्न करून पाहिला आहे. 'सौजन्य' या विषयावर निबंध उत्तम येतात.

म्हणून इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत हा अभ्यास करावा. पालकांच्या संमतीने आणि सोबतीने आठवड्यातून दोन दिवस साध्या बसने वा फेरीबोटीने प्रवास करावा आणि वहीत पुढील गोष्टींची नोंद ठेवावी. कोण कोणास जागा देतो आणि काय बोलून देतो? राखीव जागेवर कोण बसलेले असते? कंडक्टर कोणास 'तू' म्हणतो आणि कोणास 'तुम्ही'? किती भाषा कानी पडल्या? बसमध्ये नसलेले, पण असावयास हवे होते असे कोण? अपंग मनुष्यास पायरी चढता येईल काय? आणि सर्वांत शेवटी, तुमच्या गावाकडे जाणारी अखेरची बस किती वाजता सुटते आणि ती चुकली तर कोणाकोणास पायी घरी जावे लागते, याची यादी करावी. नावे लिहू नयेत. किती माणसे आणि किती अंतर, एवढेच लिहावे. शाळा उघडल्यावर या वह्या एकत्र करून त्यांतील आकडे वाहतूक खात्यास पाठविण्याचा आमचा विचार आहे.